वाद्यवृंदसंचालकाची उमेदवारी

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा संचालक होण्याची आकांक्षा ज्या तरुणाच्या वा तरुणीच्या मनात उपजली असेल, त्यांनी छडी विकत घेण्याची घाई करू नये, एवढे पहिल्या वाक्यातच सांगून टाकलेले बरे. छडी स्वस्त असते, आणि आरशासमोर उभे राहून ध्वनिमुद्रिकेच्या तालावर ती हलविण्यात जे सुख लाभते त्याचा या विद्येशी जवळजवळ काहीच संबंध नसतो. कारण तेथे नाद पुढे चाललेला असतो आणि छडी त्याच्यामागून धावत असते, प्रत्यक्ष कामात मात्र आधी हात आणि मग नाद असा क्रम असतो. ज्यांना या मार्गाने खरोखरच जावयाचे आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना त्या खर्चाचा भार उचलावा लागणार आहे अशा त्यांच्या आईवडिलांसाठी, या पेशाची तयारी, शिक्षण आणि उमेदवारी यांविषयी काही उपयुक्त मजकूर येथे एकत्र मांडीत आहे.

मुळात ऐंशी-शंभर निष्णात वादकांना हात दाखविणारा एक इसम लागतोच कशाला, ही शंका पुष्कळांना येते आणि ती गैर नाही. मंचाच्या पुढच्या कडेला बसलेला व्हायोलिनवादक आणि अगदी मागच्या पायरीवरचा ट्राँबोनवादक यांच्यामध्ये पंधरा मीटरांचे अंतर सहज असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर एकाचा नाद दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास वेळ लागतो, आणि मागच्याने केवळ कानावर विसंबून पुढच्याशी जुळवून घ्यावयाचे ठरविले तर समोरच्या श्रोत्याला हा विलंब जवळजवळ दुप्पट होऊन ऐकू येतो. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेला हा विलंब नाही, म्हणून खूण करणारा हात हवा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारचा संगीतकार लुल्ली जड काठी जमिनीवर आपटून लय देत असे. १६८७ साली ती काठी त्याच्या स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच त्याचा अंत झाला. हलकी छडी रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि १८३५ पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा कारभार पाहणाऱ्या मेंडेल्सझोनचा त्यात मोठा वाटा होता. तथापि लय दाखविणे हा या हुद्द्याचा सर्वांत खालचा भाग होय. कोणती लय योग्य, कोणते वाद्य केव्हा मागे सारावे, एखादे वाक्य कोठे श्वास घेते, आणि हे सारे मोजक्या तासांच्या तालमीत शंभर भिन्न स्वभावांच्या माणसांकडून कसे वदवून घ्यावे, हा खरा कारभार. आणि तो चालविण्याची पात्रता हाताच्या कसबापेक्षा कानाच्या आणि वाचनाच्या तयारीवर अवलंबून असते.

ही तयारी बाळपणापासून व्हावी लागते. पियानो हवाच, कारण अनेक स्वर एकाच वेळी कसे नांदतात याचे ज्ञान बोटांना करून देणारे त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. परंतु पियानोवादक हा बहुधा एकांतात वाढतो, म्हणून त्याच्या जोडीला वाद्यवृंदात बसून वाजविता येईल असे व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हॉर्न यांपैकी एखादे वाद्यही शिकावे. पालक येथे हमखास असे विचारतात की, दोन वाद्यांत लक्ष विभागले तर दोन्हींत कच्चेपणा राहणार नाही काय? राहील, पण संचालकाला मैफिलीचा वादक व्हावयाचे नसते, दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या बाकावर बसून समोरचा हात अस्पष्ट झाला की काय तारांबळ उडते, हे त्याने एकदा स्वतः भोगलेले असावे लागते. आपल्याकडे याबाबतीत गोमंतकाचा वारसा ध्यानात घेण्यासारखा आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपीचे वाचन आणि व्हायोलिन शिकविण्याचा दस्तुर होता. त्या शिक्षणातून तयार झालेल्या वादकांनीच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरून काढले, आणि सेबास्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वाकबगार संयोजक त्याच परंपरेने दिले. आज ट्रिनिटी आणि असोसिएटेड बोर्ड या लंडनच्या संस्थांच्या परीक्षा मुंबई, पुणे, गोवा येथे देता येतात. त्यांतील आठवी श्रेणी मिळाली म्हणजे शिक्षण पूर्ण झाले असा आपल्याकडील काही घरांत समज आढळतो. वस्तुतः परदेशी संगीतविद्यालयाच्या दाराशी अर्ज घेऊन उभे राहण्याची ती किमान पात्रता समजावी.

आता वाचनाकडे वळू. सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेले जे पुस्तक संचालकापुढे असते त्याला स्कोअर म्हणतात, आणि त्याचे वाचन हेच या विद्येतील सर्वांत दीर्घ व सर्वांत एकाकी काम. वर फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकीची वाद्ये, त्यांच्याखाली हॉर्न, ट्रंपेट, ट्राँबोन ही पितळी वाद्ये, मग टिंपनी, आणि तळाशी पहिली व दुसरी व्हायोलिने, व्हियोला, चेलो, डबल बास अशी ही उतरंड असते; पण खरी मेख अशी की, यांतील कित्येक वाद्यांचे लिहिलेले स्वर आणि वाजणारे स्वर एक नसतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर, बी फ्लॅटच्या क्लॅरिनेटवादकापुढे पांढरी एक लिहिलेली असते आणि कानावर खालची काळी पाच पडते. एफच्या हॉर्नवादकापुढेही पांढरी एकच लिहिलेली असते, आणि ऐकू येते ती खालची पांढरी चार. व्हियोलाची ओळ निराळ्याच चिन्हाने सुरू होते, म्हणून तिच्यावरील प्रत्येक रेघ नव्याने ओळखावी लागते. अशा वीस-बावीस ओळी एका दृष्टिक्षेपात वाचून, मनातल्या मनात सगळ्यांचा खरा नाद ऐकणे, ही सिद्धी कोणालाही एका वर्षात लाभत नाही. तिचा अभ्यास साध्या पायऱ्यांनी करावा: प्रथम हायडनची एखादी चौकडी, म्हणजे चारच ओळी, पियानोवर वाजवाव्यात, मग मोत्सार्टच्या सिंफनीकडे यावे, त्यानंतर बेथोव्हेनकडे, आणि माहलरच्या अवाढव्य ग्रंथांना विशीच्या आत हात लावण्याचे कारण नाही. ज्यांच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे असे शेकडो जुने स्कोअर आज संगणकावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे या एका बाबतीत तरी खर्चवेचाची सबब उरलेली नाही. अट एवढीच, की स्कोअर वाचून झाल्यावर ध्वनिमुद्रिका ऐकावी, आधी ऐकू नये; आधी ऐकली की दुसऱ्याचे मत आपल्या कानात ठाण मांडून बसते आणि पुढे ते हुसकून लावणे अवघड जाते.

कानाची तयारी ही वाचनाची दुसरी बाजू. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या मुलाचा कान स्वराच्या बारीक हेलकाव्यांना विलक्षण जागा असतो, हा मोठाच लाभ आहे. परंतु त्याला एका वेळी एकाच स्वरावलीचा मागोवा घेण्याची सवय लागलेली असते, आणि येथे तर चार स्वरांच्या संघातात तिसऱ्या हॉर्नचा स्वर किंचित चढा आहे हे वाद्य चालू असताना ओळखून त्या माणसाला अदब राखून सांगावयाचे असते. म्हणून स्वरसंघात ओळखण्याचा सराव रोज, आणि शक्य तर समूहगानात गाऊन, करावा. लयीच्या बाबतीत मात्र आपल्या मुलांनी न्यूनगंड बाळगण्याचे मुळीच कारण नाही. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग पाच मात्रांच्या आवर्तनात रचलेला असून युरोपातील विद्यार्थ्यांना तो प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. ज्याने तबल्यावर झपताल वाजविला आहे त्याला दोन आणि तीन अशी ती विभागणी, म्हणजे झपतालाचा अर्धा भाग, ऐकताक्षणीच उमगावी.

एवढे झाल्यावर हाताचा प्रश्न येतो. चार मात्रांचे आवर्तन असेल तर उजवा हात खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर जातो, तीन मात्रांचे असेल तर खाली, उजवीकडे आणि वर. या आकृत्या आठवड्याभरात शिकता येतात. कस लागतो तो आरंभीच्या इशाऱ्यात. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण तिचा पहिला आघात मात्रेवर पडत नाही, हे श्रोत्याच्या सहसा ध्यानात येत नाही. आरंभी अर्ध्या मात्रेइतका विराम आहे आणि त्याच्यामागून तीन द्रुत स्वर धावत येतात; तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेटे एवढीच वाद्ये त्यात भाग घेतात. संचालकाचा हात त्या विरामावर खाली येतो, म्हणजे तो ज्या क्षणी खाली येतो त्या क्षणी काहीच वाजावयाचे नसते. तत्पूर्वीच्या एका हालचालीत लय, जोर आणि वृत्ती या तिन्ही गोष्टी वादकांना कळाव्या लागतात. नवशिका भीतीपोटी एकाऐवजी दोन इशारे देतो आणि अर्धे वादक पहिल्यावरच सुटतात. पुढे चौथा स्वर लांबवून धरला आहे. तो तोडण्याची खूण हीच पुढच्या धावेची पूर्वसूचना व्हावी लागते. त्याच आकृतीची पुनरावृत्ती होते तेव्हा बेथोव्हेनने लांबविलेला स्वर एका आवर्तनाने वाढविला आहे. पहिली थांबणूक आणि दुसरी थांबणूक सारखीच घेणारा संचालक स्कोअर न वाचता ध्वनिमुद्रिकेवरून शिकला, हे जाणकार वादक पाचव्या आवर्तनालाच ताडतात. हात सुधारावयाचा असेल तर स्वतःचे चित्रमुद्रण करून आवाज बंद ठेवून पाहावे. फिनलंडच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला यांनी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वाद्यवृंदासमोर उभे करून आणि नंतर त्यांचे चित्रमुद्रण दाखवून पिढ्या घडविल्या. एसा-पेक्का सालोनेन, साकारी ओरामो ही त्यांच्या शिष्यांपैकी काही नावे.

वादक आपले वाद्य घरी नेऊन रोज घासू शकतो, संचालकाला ती सोय नाही. म्हणून जेथे वाद्यवृंद असेल तेथे जाऊन, मिळेल त्या मार्गाने त्याच्या सहवासात राहणे, याला या पेशात पर्याय नाही. मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या झुबीन मेहतांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, तेव्हा तालमीचा आवाज घरातच होता. तरीही वैद्यकीच्या पूर्वतयारीचा अभ्यास सोडून अठराव्या वर्षी, १९५४ साली, ते व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालनाचे रीतसर शिक्षण घेऊ लागले. तेथे ते डबल बास वाजवीत. थोर संचालकांच्या तालमींना बाहेरच्यांस प्रवेश नसे, म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ आबाडो यांनी काय तजवीज करावी? ते समूहगायकांच्या पथकातच दाखल झाले! गायकांचे तोंड संचालकाकडे असते. ब्रूनो वाल्टर किंवा कारायान यांचा हात आणि चेहरा समोरून पाहण्याची ही अधिकृत जागा त्यांनी आवाजाच्या मोबदल्यात मिळविली. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकून ते तेथे सहायक संचालक झाले, १९६१ साली माँट्रियल आणि १९६२ साली लॉस अँजेलिस येथील वाद्यवृंदांची सूत्रे त्यांच्याकडे आली. या झपाट्याचेच कौतुक आपल्याकडे अधिक होते. अनुकरण करावयाचे असेल तर त्या समूहगायनाचे करावे.

परदेशी विद्यालयांतील प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. व्हिएन्ना, हेलसिंकी, बर्लिन, लंडन, न्यूयॉर्क येथील मातब्बर विद्यालयांत संचालनाच्या वर्गात जागा अत्यंत थोड्या असतात. प्रवेशपरीक्षेत पियानोवर स्कोअर वाजविणे, कानाची कसोटी, संगीतरचनेचे विश्लेषण आणि छोट्या वाद्यसमूहाचे किंवा दोन पियानोंवर वाजविल्या जाणाऱ्या सिंफनीचे संचालन, असा सर्वसाधारण क्रम असतो. जर्मनीतील अनेक सरकारी विद्यालयांचे शुल्क इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने फारच कमी असते, पण तेथे जर्मन भाषेचा दाखला लागतो. आणि भाषा एरवीही लागतेच, कारण स्कोअरमधील सूचना बहुशः इटालियनमध्ये असतात, माहलर जर्मनमध्ये पानभर सूचना लिहितो आणि देब्यूसी फ्रेंचमध्ये. प्रथम वाद्यवादनाची किंवा रचनाशास्त्राची पदवी घेऊन मग संचालनाकडे वळणे, हा मार्ग आपल्याकडील विद्यार्थ्यांना अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे. संचालन साधले नाही तरी हाती वाद्य राहते.

पदवी मिळाली म्हणजे नेमणूक झाली असे नव्हे. खरी उमेदवारी तेथून सुरू होते. मध्य युरोपात तिचा जुना रस्ता ऑपेरागृहातून जातो. तेथे उमेदवार रुजू होतो तो पियानोवादक म्हणून. गायकांकडून त्यांच्या भूमिका घोकून घेणे, पडद्यामागच्या समूहाला खूण देणे, अशी बिनगौरवाची कामे करीत त्याला एखाद्या संध्याकाळी, बहुधा तालमीशिवाय, संचालकाच्या जागी उभे केले जाते. माहलरने १८८० साली बाड हाल या लहानशा गावच्या उन्हाळी नाटकशाळेपासून सुरुवात केली आणि लुब्लियाना, ओलोमूत्स, कासेल, प्राग, लाइपझिग, बुडापेस्ट, हँबर्ग अशा मजला करीत १८९७ साली तो व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरागृहात पोहोचला. कारायानची पहिली पाच वर्षे उल्म या गावी गेली. दुसरा रस्ता सहायक संचालकाचा. सहायकाने प्रत्येक तालमीस हजेरी लावावी, सभागृहाच्या मध्यभागी बसून कोणते वाद्य दबते हे टिपून ठेवावे, आणि कार्यक्रमातील प्रत्येक कृती आज रात्री आपणांसच करावी लागेल अशा बेताने तयार ठेवावी. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रूनो वाल्टर आजारी पडले तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा पंचवीस वर्षांचा सहायक लेनर्ड बर्नस्टाइन तालमीशिवाय उभा राहिला, आणि तो कार्यक्रम रेडिओवरून देशभर ऐकला गेला. तत्पूर्वी १८८६ साली रिओ द जानेरो येथे एकोणीस वर्षांचा चेलोवादक तोस्कानिनी असाच ऐनवेळी उठून वेर्दीच्या 'आयदा' या ऑपेराचे संचालन स्मरणावरच करून गेला होता. यांना लोक दैव म्हणतात; पण आधी स्कोअर पाठ नसता तर ते दैव दोघांच्याही नामुष्कीस कारण झाले असते. तिसरा रस्ता स्पर्धांचा. फ्रान्समधील बेझाँसोंची स्पर्धा १९५१ पासून चालू असून सेइजी ओझावा १९५९ साली तेथूनच पुढे आले. बांबेर्गची माहलर स्पर्धा २००४ साली प्रथम भरली तेव्हा व्हेनेझुएलाचा तरुण गुस्ताव्हो दुदामेल तीत पहिला आला. स्पर्धांना वयोमर्यादा असते, तेव्हा नियमावली वेळीच मागवून ठेवावी. स्त्रियांना या मंचावर फार काळ पाऊल ठेवू दिले जात नव्हते. मॅरिन अल्सप यांच्याकडे बाल्टिमोरच्या वाद्यवृंदाचे संगीतसंचालकपद आले ते २००७ साली, आणि अमेरिकेतील पहिल्या दर्जाच्या वाद्यवृंदाबाबत तो पहिलाच प्रसंग होता. मुलींना आज वाट मोकळी आहे, सपाट मात्र अजून झालेली नाही.

तालमीतील वर्तनाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण पुष्कळ हुशार उमेदवार नापास होतात ते येथेच. तालीम साधारणतः अडीच-तीन तासांची, मध्ये विश्रांती, आणि घड्याळाचा काटा संपला की वादक उठतात. अमेरिकेत तर हा मामला कामगारसंघाच्या करारनाम्याने बांधलेला असतो. वादकांना व्याख्यान नको असते. वाद्यवृंद थांबविला तर कोठून सुरू करावयाचे ते आधी, कोणी काय बदलावयाचे ते नंतर, आणि तेही एका वाक्यात सांगावे. एखाद्याची चूक झाली आणि ती त्याच्या ध्यानात आलेली दिसली तर थांबवूच नये. धनुष्याच्या दिशा, जोराच्या खुणा वादकांच्या प्रतींत आधीच लिहून पाठवाव्यात, म्हणजे तालमीतला अर्धा तास वाचतो. पहिल्या व्हायोलिनवादकाचा सल्ला खासगीत घ्यावा आणि बहुतेक वेळा मानावा.

आता आपल्या देशातील परिस्थिती. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने २००६ साली व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव्ह यांच्या सहकार्याने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. त्याच्या कार्यक्रमांत परदेशी वादकांची भरती मोठी असते. पणजीची कला अकादमी, चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ साली काढलेले संगीतविद्यालय, आणि काही शहरांतील हौशी वाद्यवृंद व समूहगान मंडळे धरली, तरी ज्यावर संसार चालेल असे संचालकाचे पगारी पद या देशात बोटांवर मोजण्याइतकेही निघणे कठीण आहे. तेव्हा या मार्गाने जाणाऱ्याने परदेशात स्थायिक होण्याची, अथवा येथे राहून शिकविणे, समूहगान चालविणे, चित्रपटांसाठी संयोजन करणे यांवर चरितार्थ चालविण्याची तयारी मनाशी केलेली असावी. आईवडिलांनीही हा हिशेब घर गहाण टाकण्यापूर्वी करावा, नंतर नव्हे.

एवढे वाचूनही ज्याचा निश्चय ढळला नसेल त्याने परदेशी प्रवेशाची वाट पाहत बसू नये. १९५६ साली हंगेरीतून आलेल्या निर्वासितांसाठी विद्यार्थिदशेतल्या झुबीन मेहतांनी सहाध्याय्यांचाच वाद्यवृंद जमवून कार्यक्रम केला होता. मोत्सार्टचे १७८७ सालचे 'आयने क्लायने नाख्टमुझीक' केवळ तंतुवाद्यांसाठी आहे, त्याचा स्कोअर आणि वादकांच्या प्रती विनामूल्य मिळतात, आणि मुंबई, पुणे वा मडगाव येथे व्हायोलिन-चेलो वाजविणारी आठ-दहा मुले मिळणे अशक्य नाही. त्यांना रविवारी सकाळी एकत्र बोलवा, प्रतींवर खुणा आदल्या रात्रीच करून ठेवा, दीड तासाहून अधिक थांबवू नका, आणि चहापाण्याचा बंदोबस्त स्वखर्चाने करा.